गच्चीवरची सावली आणि सोलरचं गणित

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठीत टेक्निकल लेख लिहायचा म्हणजे धाडसच! तेव्हा मी सिरीजला सिरीजच म्हणणार, सांभाळून घ्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. त्यात तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांची सबसिडी आहे हे कळल्यावर माझ्या पुण्याच्या आत्यानेही चौकशी केली. सोलर बसवणारा म्हणाला, "सावली येते, पश्चिमेचा नारळ तोडा." नारळ तिच्या सासूबाईंनी लावलेला. मी म्हटलं, आधी गणित, मग कुऱ्हाड.

पॅनेलमधले सेल सिरीजमध्ये असतात, म्हणजे सगळ्यांतून एकच करंट जातो. आपल्या मेसची लाइन आठवा. एक जण भाजीपाशी रेंगाळला की मागचे सगळे ताटकळतात! तसंच एका सेलवर सावली पडली की अख्खी लाइन अडते. वर तो सेल वीज बनवायच्या ऐवजी खायला लागतो आणि तापतो. यालाच हॉट स्पॉट म्हणतात. म्हणून पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ते करंटला बाजूने वाट देतात आणि फक्त तेवढा एक-तृतीयांश भाग बाद होतो.

आता हिशोब बघा. पाचशे वॅटची सहा पॅनेल म्हणजे असे १८ भाग. सावली एकाच भागावर पडली तर नुकसान साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पण तेवढीच सावली पट्टीसारखी सहाही पॅनेलच्या खालच्या कडेवर पसरली तर नुकसान कितीतरी पट जास्त! म्हणजे सावली किती, यापेक्षा ती कुठे आणि केव्हा पडते हे महत्त्वाचं.

सर्वात लांब सावली २२ डिसेंबरच्या सुमारास पडते. तेव्हा पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, तर दुपारच्या तीन तास आधी आणि नंतर फक्त २९ अंशांवर. आत्याची पाण्याची टाकी दक्षिणेला, पॅनेलपेक्षा दीड मीटर उंच. उंचीला टॅनने भागा: दुपारी सावली १.३५ मीटर, सकाळी जवळपास २.७ मीटर. खरा गुन्हेगार टाकी निघाली! नारळाची सावली साडेतीननंतर येते, तोवर दिवसाची बरीचशी वीज तयार झालेली असते.

उपाय साधा निघाला. टाकी उत्तरेच्या कडेला न्यायची. मे ते जुलैमध्ये दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला जातो, पण तेव्हा सावली अगदी आखूड असते. संध्याकाळी सावलीत येणारी पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये घेऊन इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटी इनपुटला जोडायची. मात्र स्ट्रिंग लहान झाली की व्होल्टेज कमी होतं, म्हणून इन्व्हर्टरचं किमान व्होल्टेज डेटाशीटमध्ये बघायलाच हवं. मायक्रोइन्व्हर्टर लावला तर प्रत्येक पॅनेल स्वतंत्र चालतं, पण खर्च वाढतो, आणि सावलीतून ऊन काही तो काढत नाही.

तर मंडळी, येत्या डिसेंबरमध्ये खडू घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर चला. नऊ, बारा आणि तीन वाजता सावल्यांच्या कडा आखा. जी जागा तिन्ही वेळा कोरी राहील, तिथेच पॅनेल बसवायची. सबमिशनच्या आधी एवढं तर जमेल ना?