लेकरू वर्षाचे झाले, तरी बसत नाही

दसरा झाला की देगलूर-मुखेड भागातली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड बांधतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी हैदराबादला बांधकामावर. गेल्या वर्षी त्याच गडबडीत एक आई चौदा महिन्यांचे मूल घेऊन माझ्याकडे आली. मान डळमळीत, पाय काठीसारखे ताठ. जन्मताच ते रडले नव्हते.

"इतके दिवस का आणलं नाहीस?" मी रागावलो.

"उचल घेतली होती साहेब. भट्टी सोडून कुठं जाऊ?"

सासू म्हणे ग्रहणाचा दोष, शेजारीण म्हणे पोलिओ. तिला स्वतःला हवी होती एखादी सुई, निघायच्या आत लेकराला बसवणारी.

ग्रहणाचा यात काही संबंध नाही. पोलिओत पाय लुळा पडतो, ताठ होत नाही. शिवाय भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर स्नायूंवरचा ताबा बिघडू शकतो. यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूची ही इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. व्यायाम नसेल तर सांधे मात्र आखडत जातात.

सुई नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. तिला रोज दवाखान्यात ये म्हणणे म्हणजे मजुरी सोड म्हणणे! म्हणून तिच्या कामात बसेल तेवढेच सांगितले. लेकरू दिवसभर झोळीत ठेवू नये, अंग वाकडेच राहते. कडेवर घेताना पाय दोन्हीकडे फाकवून घ्यावेत, म्हणजे ते एकमेकांवर चढत नाहीत. भट्टीवर विटांना काय तोटा? विटा पक्क्या रचून कोपरा करावा, गोधडी टाकून त्यात टेकवून बसवावे. घास आडवे निजवून भरवू नये, तो श्वासनलिकेत जातो.

वाचकहो, मुलाने चौथ्या महिन्यापर्यंत मान धरली नाही, नवव्या महिन्यापर्यंत ते बसले नाही, दीड वर्षात चालले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पण तेव्हा ही लेकरे परगावी असतात. तिकडच्या अंगणवाडीत चौकशी करावी. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड देशभर चालते, तेही काढून सोबत ठेवावे.

मिरगाच्या तोंडावर ती परत आली. मूल अजून उभे राहत नाही. पण कोपऱ्यात टेकून बसते, भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी धरते. "साहेब, आता पुढचं काय करायचं ते सांगा," ती म्हणाली. सुईचे नाव तिने काढले नाही.