खोलीस रंग देण्यापूर्वीं

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघरीं रंगाची गोष्ट निघते, आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो कीं, रंग निळा द्यावा कीं पिवळा ? आमच्या मतें हा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे. कोणत्या जातीचा रंग घ्यावा व कोणतीं हत्यारें आणावीं हें प्रथम भिंतीस विचारावें लागतें. छटा तेवढी आपल्या आवडीची. हें न जाणल्यामुळें आम्ही स्वतः एकदां फसलों.

पावसाळा सरतांच अभ्यासाची खोली स्वहस्तें रंगविण्याचें आम्हीं ठरविलें. भारी किमतीचा डबा आणिला आणि जुन्या चुन्यावर तसेच दोन हात दिले. आठ दिवस खोलीची शोभा कांहीं और होती. परंतु दोन महिन्यांत रंगाचे पोपडे सुटूं लागले, व प्रत्येक पोपड्याच्या पाठीस पांढरी भुकटी चिकटलेली दिसली. दोष रंगाचा नव्हता. रंगानें भिंत धरलीच नव्हती. त्यानें धरला होता सुटत चाललेला चुना. पैसा गेला, श्रमही गेले. म्हणून भिंतीच्या तीन परीक्षा आम्ही येथें सांगतों.

पहिली परीक्षा हाताची. कोरडा तळहात भिंतीवर चोळावा. पांढरी पूड लागल्यास चुना अथवा जुनें डिस्टेंपर सुटत आहे असें समजावें. तें पसरट लोखंडी पत्तीनें खरडून, ओल्या फडक्यानें पुसून, भिंत वाळूं द्यावी.

दुसरी परीक्षा ओलीची. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीस घट्ट लावावा व दुसऱ्या दिवशीं काढावा. भिंतीकडील बाजूस दंव जमलें असल्यास ओल भिंतींतून येत आहे. अशा वेळीं छपराची गळती, फुटका नळ किंवा तुंबलेली पन्हळ शोधावी. ओलीवर रंग हें औषध नव्हे. तें केवळ पांघरूण होय.

तिसरी परीक्षा चकाकीची. भिंत किंवा दार गुळगुळीत व चकचकीत असल्यास तेथें जुना तेलरंग असावा. त्यावर नवा रंग धरण्यास पृष्ठभाग किंचित् खरखरीत करावा लागतो. परंतु येथें आम्ही पालकांस विशेष सावध करूं इच्छितों. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. कोरडें घासल्यास त्याची धूळ उडून मुलांच्या पोटांत जाते व वाढत्या मेंदूस अपाय करिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें शिशाचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं. भारतांत २०१६ सालीं झालेल्या नियमांनीं घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें असण्यास मनाई केली, व हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आले. त्यापूर्वींचा तेलरंग कोरडा घासूं नये, जाळूंही नये. पाणी लावूनच हलकें घासावें, मुलांस व गरोदर स्त्रियांस दूर ठेवावें, आणि खालची जमीन झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी.

आतां रंगाच्या जाती पाहूं. चुना सर्वांत स्वस्त. कळीचा चुना पाण्यांत घातला म्हणजे अतिशय उष्णता निघते. म्हणून पुष्कळ पाण्यांत थोडा थोडा चुना टाकावा, डोळे जपावे, व हें काम मोठ्या माणसांनींच करावें. भिंतीवर लावल्यानंतर तो हवेंतील कार्बन डायॉक्साइड घेऊन पुनः चुनखडीसारखा होतो. डिस्टेंपर म्हणजे खडूची पूड व तिला बांधणारा चिकट पदार्थ. तेंही स्वस्त, परंतु वरचेवर धुणें त्यास सोसत नाहीं. इमल्शनमध्यें रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात. पाणी उडून जातांच ते एकमेकांस बिलगून पातळ पापुद्रा बनतो. हा रंग पुसतां येतो, म्हणून मुलाबाळांच्या घरीं सोयीचा. तेलरंग दारेंखिडक्यांस योग्य. नव्या गिलाव्यास नव्हे, कारण गिलाव्यांतील क्षार तेलाशीं मिळून साबणच तयार करितात! नवशिक्यानें बिनचकाकीचा रंग निवडावा, कारण चकाकी भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा दाखविते.

हत्यारें थोडीं पण चांगलीं असावीं. कडा व कोपरे यांसाठीं दोन-तीन इंची कुंचला, मोकळ्या भिंतीसाठीं नऊ इंची रोलर, लोखंडी पत्ती, काचकागद, भेगा बुजविण्यास लांबी, जुनीं धोतरें व मजबूत शिडी. कुंचला घेतांना केस हलके ओढून पाहावे. गळूं लागल्यास तो तेथेंच ठेवावा. पाण्याच्या रंगास कृत्रिम केसांचा कुंचला बरा, कारण नैसर्गिक केस पाण्यानें फुगतात. गुळगुळीत भिंतीस आंखूड लवीचा रोलर, खरबरीत भिंतीस लांब लवीचा.

किती रंग आणावा ? येथें शाळेंतील गणित उपयोगीं पडतें. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. चार भिंतींचें क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यांतून ७ × ३ फुटांचें एक दार व ४ × ३ फुटांच्या दोन खिडक्या, मिळून ४५ चौरस फूट वजा केल्यास ३९५ उरतात. दोन हातांचे ७९० झाले. डब्यावर, एका हातास लिटरमागें १२० चौरस फूट, असें छापलें असल्यास सुमारें ६.६, म्हणजे सात लिटर पुरेत. छत निराळें मोजावें.

भिंत वाळली, लांबी घासली, धूळ पुसली, कीं प्रायमर म्हणजे अस्तराचा एक हात द्यावा. नंतर प्रथम छत, मग भिंती, शेवटीं दारें. खिडक्या उघड्या ठेवाव्या, व पहिला हात पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये.

शुभवर्तमानांत बाहेरून शुभ्र व आंतून मलिन अशा चुना लावलेल्या कबरांचा दृष्टांत आहे. आमची पहिली खोली तशीच होती. पुढल्या उन्हाळ्यांत आम्हीं ती पुनः रंगविली. चार दिवस खरडण्या-पुसण्यांत गेले, रंग देण्यास दोनच लागले. पाहुण्यांनीं त्या चार दिवसांची स्तुति केली नाहीं. पण भिंतीनें त्यांची आठवण अद्याप ठेविली आहे.