सील बदलण्याआधी पाइप पाहावा

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल त्या स्प्रिंगची उसळी आवरते. क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पाइप अ‍ॅल्युमिनियमच्या बॉटम केसमध्ये वरखाली सरकतो. आतल्या दांड्याच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते. तेथे होणाऱ्या अडथळ्यामुळेच खड्डा पार केल्यावर गाडी उड्या मारत राहत नाही. तेलाने उसळी आवरणारा असा टेलिस्कोपिक शॉकअप बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या गाडीवर बसवून विकायला आणला. पुढे भारतातल्या रस्त्यांवर रुळलेल्या आरएक्स १०० आणि सीडी १०० या गाड्यांच्या शॉकअपचे तत्त्वही तेच. बॉटम केसच्या तोंडाशी बसवलेले रबरी ऑइल सील हे तेल आत राखते आणि त्यावरचे डस्ट सील धूळ-चिखल बाहेर ठेवते.

प्रस्तुत लेखकाच्या शंभर सीसीच्या जुन्या गाडीचे डावे ऑइल सील दोन महिन्यांत तीनदा बदलावे लागले. पहिल्या खेपेला गॅरेजमध्ये फक्त सील बदलले गेले. तीन आठवड्यांत पाइपवर पुन्हा तेलाचे कडे दिसू लागले. दुसऱ्या खेपेला चांगल्या प्रतीचे सील आणून घरीच बसवले, तेही गळले. तिसऱ्या खेपेला पाइप रॉकेलने पुसून त्यावर वरपासून खालपर्यंत अंगठ्याचे नख फिरवले, तेव्हा ते एके ठिकाणी अडकले. तेथे मोहरीहून लहान, गंजाने पडलेला खड्डा होता आणि त्याची कड धारदार होती. प्रत्येक धक्क्याला ती कड सीलच्या ओठावरून फिरत होती. दोष सीलमध्ये नव्हताच. म्हणून शॉकअपच्या कामात पाइपची तपासणी आधी आणि नवे सील नंतर, हा क्रम पाळावा.

शॉकअप उघडायची वेळ आल्याची चिन्हे ठरलेली असतात. पाइपवर तेलाचे कडे उमटते, ब्रेक दाबताच गाडीचे तोंड खोल जाते, खड्ड्यात ठक्‌ असा आवाज येतो किंवा चाक डांबरावर थरथरत राहते. गळतीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते, कारण तेल ओघळून चाकाकडे जाते. डिस्क ब्रेक असल्यास ते पॅडवर पडून ब्रेकची पकड जाऊ शकते. तेल लागलेले पॅड पुसून वापरू नयेत, बदलावेत.

काम सुरू करताना गाडी मुख्य स्टँडवर घेऊन इंजिनखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा द्यावा, म्हणजे चाक काढल्यावर गाडी पुढे कलंडत नाही. पाइप टीमध्ये, म्हणजे तो आवळून धरणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींत, पक्का असतानाच वरचे बूच आणि खालचा अ‍ॅलन बोल्ट थोडे ढिले करून घ्यावेत. वरच्या टीने पाइपचे तोंडच आवळलेले असेल, तर बूच ढिले करण्यापूर्वी तेवढा बोल्ट सैल करावा. पाइप बाहेर काढल्यावर बूच फिरवायला आधार उरत नाही. स्प्रिंगचा दाब गेल्यावर अ‍ॅलन बोल्टसोबत आतला दांडाही गोल फिरू लागतो. बूच पूर्ण काढताना तळहाताने दाबून धरावे आणि चेहरा बाजूला ठेवावा, कारण खालची स्प्रिंग ते जोराने उडवते. काही जुन्या गाड्यांत आट्यांच्या बुचाऐवजी रबरी टोपीखाली तारेची रिंग असते. तेथे स्प्रिंगची बैठक खाली दाबून ती रिंग काढावी लागते. हे काम दोघांनी करावे. स्प्रिंगचे कोणते टोक वर होते, याची बाहेर काढतानाच खूण करावी.

जुने तेल राखी, दुर्गंधीयुक्त आणि चिकट निघाले, तर त्यात धातूची झीज आणि पाणी मिसळलेले असते. सर्व भाग धुऊन कोरडे करावेत आणि मग पाइप तपासावा. सपाट काचेवर घरंगळवल्यास तो लंगडतो का, हे कळते. कमाल किती वाक चालेल, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो; अनेक गाड्यांसाठी तो ०.२ मिलिमीटर आहे. वाकलेला पाइप तापवून सरळ करू नये. सील जेथे फिरत नाही, तेथला गंज निरुपद्रवी असतो. सील फिरते त्या भागातल्या बारीक खड्ड्याची कड तेल लावलेल्या मऊ घासदगडाने उतरवता येते. खड्डा खोल असेल किंवा क्रोमचे पापुद्रे सुटत असतील, तर पाइप बदलावा किंवा त्यावर पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावे. कोकणाच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळी चिखलात हा गंज लवकर धरतो. पाइपवर रबरी घडीचे आवरण असलेल्या गाड्यांत तो आतल्या ओलीने नजरेआड वाढतो, त्यामुळे ते आवरण वर सारून पाहणे आवश्यक असते.

जुने सील काढताना बॉटम केसच्या काठावर कापड ठेवून त्यावर पाना टेकवावा. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठला, की नवे सीलही त्या वाटेने गळते. नवे सील पाइपवर चढवण्यापूर्वी पाइपच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढावी आणि सीलच्या ओठाला फोर्क ऑइल लावावे. अक्षरांची बाजू बहुधा वर येते. सील सरळ ठोकण्यासाठी योग्य मापाचा पीव्हीसी पाइप पुरतो. सील खाली बसल्यावर त्यावरची सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली आहे, याची खात्री करावी. खालच्या अ‍ॅलन बोल्टखालचे तांब्याचे वॉशर प्रत्येक खेपेला नवे घालावे, नाहीतर गळती तेथून सुरू होते.

तेल फोर्कचेच घालावे. बऱ्याच गाड्यांना १० डब्ल्यू चालते, पण मॅन्युअलचा आकडा अंतिम असतो. त्यात नुसते तेल बदलताना आणि शॉकअप पूर्ण खोलल्यावर घालायचे माप वेगवेगळे असते, कारण पहिल्या प्रकारात थोडे तेल आतच राहते. माप मोजपात्राने घ्यावे आणि दोन्ही बाजूंत सारखे असावे. जास्त तेल घातले तर वरची हवा दबून शॉकअप कडक होतो आणि सीलवर ताण येतो. तेल ओतल्यावर पाइप हळूहळू दहा-बारा वेळा वरखाली करावा, म्हणजे अडकलेली हवा निघते. मग स्प्रिंग घालावी.

जोडताना दोन्ही पाइप वरच्या टीमध्ये एकाच उंचीवर ठेवून खालच्या टीचे बोल्ट आधी घट्ट करावेत आणि त्यानंतर बूच आवळावे. एक्सल आणि मडगार्डचे बोल्ट ढिले ठेवून पुढचा ब्रेक दाबून गाडी सात-आठ वेळा खाली दाबावी, म्हणजे दोन्ही बाजूंचे शॉकअप एका रेषेत येतात. मगच ते बोल्ट पक्के करावेत. हा टप्पा वगळल्यास पाइप अडखळत सरकतो आणि सील एका बाजूने झिजते.

पाइप पुसून कोरडा करावा आणि गाडी सावकाश वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पुन्हा पाहावा. पहिल्या फेरीत ओठाला लावलेल्या तेलाची पातळ झिलई दिसू शकते. ती पुसल्यावर परत आली नाही, तर काम नीट झाले. पुढे दर पावसाळा संपल्यावर डस्ट सील उचलून खालची माती पुसावी आणि पाइपवर नख फिरवावे. नख अडकत असेल, तर पाइप दुरुस्त केल्याशिवाय त्यावर नवे सील बसवू नये.