गव्हाचे वावडे

आपण रायगडच्या किनाऱ्यावरची माणसे. भात, मासळी आणि तांदळाची भाकरी हे आपले जुने अन्न. आता चहाबरोबर पाव-बिस्कीट आले, डब्यात चपाती आली. पुष्कळांना ते मानवते. काहींना मात्र गहू मुळीच सोसत नाही.

समजा, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. तिचे पोट फुगते. सारखे जुलाब होतात. लोहाच्या गोळ्या दिल्या तरी रक्त वाढत नाही. वाढ खुंटली आहे. कोणी म्हणते, "जंत असतील." कोणी म्हणते, "नजर लागली." जंत असतीलही. पण हा सीलिअ‍ॅक नावाचा रोगही असू शकतो.

गव्हाची कणीक मळली की ती ताणली जाते. हा चिवटपणा ज्याने येतो त्याला ग्लुटेन म्हणतात. तांदळाच्या पिठात ते नसते. म्हणून तर भाकरीसाठी आपण पिठाची उकड काढतो. आता पोटात काय होते ते पाहू. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. ती अन्नातले सत्त्व शोषते. या रोगात ग्लुटेन पोटात गेले की शरीरच आपल्या आतड्यावर उलटते. लव झडते. मग कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो रक्ताच्या नात्यात आढळतो. म्हणून भावंडांचीही तपासणी करावी.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंड देशात दुष्काळ पडला. पाव मिळेना. लोकांचे हाल झाले, पण हा रोग असलेली मुले सुधारली. पुन्हा पाव मिळू लागला, तशी ती पुन्हा आजारी पडली. तिथले डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० साली त्यांनी तो सविस्तर लिहून मांडला.

आज रक्त तपासून रोगाचा माग लागतो. गरज वाटल्यास डॉक्टर दुर्बिणीने आतडे पाहतात. तपासणीआधी आपल्या मनाने गहू बंद करू नका. तसे केले तर रोग लपतो.

यावर औषध एकच, जन्मभराचे पथ्य. गहू, मैदा, रवा, शेवया आणि जव वर्ज्य. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, डाळी, मासळी, नारळ खुशाल खावे. पथ्य पाळले की लव पुन्हा उगवते. मूल वाढीला लागते.

पण गहू चोरवाटेनेही घरात येतो. मासळी रव्यात घोळवू नका, तांदळाच्या पिठात घोळवा. बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो. गिरणीत गव्हामागून तांदूळ दळले तर गव्हाचे पीठ त्यात मिसळते. तांदळाची चक्की वेगळी असेल तिथेच दळा, नाहीतर घरच्या जात्यावर दळा. पोळपाट नि तवा वेगळा ठेवा. पुड्यावरची अक्षरे वाचा. तीही इंग्रजीत असली तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आपण अक्षरे शिकतो ती अशाच कामासाठी.

सगळ्यांत कठीण काय? पूजेला रव्याचा शिरा येतो. मुलगी नको म्हणते. आजी म्हणते, "प्रसादाला नाही म्हणू नये गो! एवढ्याशाने काय होतंय?" आजीचा जीव तिच्यावर आहे. पण एवढ्याशानेही आतडे दुखावते. आजीला हे नीट समजावून सांगावे. मुलीच्या हातावर खोबरे नि केळे ठेवावे. देव रागावत नाही.

आणि गणपतीत उकडीचे मोदक असतात. तांदळाचे पीठ, नारळ नि गूळ. त्या दिवशी तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवा नि पोटभर वाढा.

प्रश्न
१. तपासणीआधी गहू का बंद करू नये?
२. गहू कोणकोणत्या चोरवाटांनी येतो?
३. आपल्या घरातला एक पुडा घ्या. त्यात गहू किंवा मैदा आहे का, ते वाचा.