थेरपिस्ट व्हायचे असेल तर शाळेकडे पाहा

नीटचे गुण हाती येतात, एमबीबीएसचा प्रवेश आवाक्याबाहेर दिसू लागतो आणि मग घरात बीपीटीएच, बीओटीएच, बीएएसएलपी ही नावे निघतात, तीही 'निदान हे तरी' अशा सुरात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचा-श्रवण उपचार या शाखांवर हा अन्याय आहे. त्या नव्या किंवा कच्च्याही नाहीत. आशियातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. ज्याला मुलांमध्ये रमायला आवडते, त्याने या पदव्या पहिल्या पसंतीने निवडाव्यात आणि निवडताना रुग्णालयाबरोबर शाळाही आपली कामाची जागा म्हणून डोळ्यांपुढे ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना थेरपी लागते ती त्यांच्या रोजच्या दिवसात, आणि तो दिवस शाळेत जातो.

सेरेब्रल पाल्सी असलेले एखादे मूल आठवड्यातून एकदा पाऊण तास उपचार केंद्रात जाते असे धरू. तिथे ते पेन्सिल नीट धरायला शिकते. वर्गात मात्र बाक उंच असतो आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. पाय अधांतरी राहिले की धड स्थिर राहत नाही, आणि धड डळमळले की हाताची सारी ताकद तोल सावरण्यात जाते. ऑक्युपेशनल थेरपिस्टने तो वर्ग पाहिला तर पायाखाली लाकडी पाट ठेवण्याचा साधा उपाय सुचतो आणि त्याचा फायदा शाळेच्या प्रत्येक तासाला मिळतो. डबा उघडणे, रांगेत उभे राहणे, स्वच्छतागृहात एकट्याने जाणे, शेजारच्याकडे खोडरबर मागणे ही कौशल्ये जिथे वापरायची तिथेच पक्की होतात. थेरपीच्या खोलीत जमलेली गोष्ट वर्गात आपोआप जमतेच असे नाही. शिवाय तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला एसटीने जायचे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते आणि मुलाची शाळाही. बऱ्याच घरांत उपचार यामुळेच सुटतात. अमेरिकेने 1975 च्या कायद्यातच अशा सेवा मुलाच्या शिक्षणाचा भाग मानल्या. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी उभ्या केलेल्या 'पार्टनरिंग फॉर चेंज' या पद्धतीत थेरपिस्ट वर्गात शिक्षकाबरोबर काम करतो.

'मुलाला तासातून उठवून नेले तर अभ्यास बुडेल, वर वर्गात वेगळेपणाचा शिक्का बसेल,' ही पालकांची भीती खरी आहे. म्हणूनच चांगला शालेय थेरपिस्ट शक्य तितके काम वर्गातच करतो. 'विशेष शिक्षक असताना थेरपिस्ट कशाला?' असाही प्रश्न येतो. विशेष शिक्षक मुलाला वाचन-गणित त्याच्या गतीने शिकवतो. गिळताना ठसका का लागतो किंवा गोंगाटात मूल कान का झाकते, याचे निदान वेगळ्या प्रशिक्षणाचे आहे. दोघांनी मिळूनच हे काम करायचे असते. वाचा उपचारात तर आपल्या भाषेचा मोठा वाटा आहे. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचा कोणता उच्चार दोष आहे आणि कोणता त्याच्या बोलीचा सहज भाग आहे, हे ओळखायला त्या मातीतलेच कान लागतात. ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याकडे ही शिदोरी आधीपासून असते.

आता नोकरीचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार सातवरून 21 वर नेले आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेशही केंद्र सरकारला दिला. तो निकाल विशेष शिक्षकांविषयी होता, थेरपिस्टांविषयी नव्हे. त्यामुळे प्रत्येक शाळेत थेरपिस्टची कायम जागा मिळेल असे कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. सरकारी योजनांतील बरेच काम कंत्राटी असते. अनुदानित विशेष शाळा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, स्वयंसेवी संस्था आणि शहरांतील खासगी शाळा या आजच्या वाटा आहेत. ही अनिश्चितता मी लहान मानत नाही. पण पदवी शाळेपुरती बांधलेली नसते. त्याच नोंदणीवर रुग्णालयात काम करता येते, आणि स्वतःचे केंद्र चालवत आठवड्याचे दोन-तीन दिवस शाळांना देता येतात.

या तिन्ही पदव्यांना इंटर्नशिप धरून चार ते पाच वर्षे लागतात आणि महाराष्ट्रातील प्रवेश नीटवर होतात. नोंदणीशिवाय पदवीला अर्थ नाही. वाचा-श्रवण उपचारासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, तर फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्य परिषदेची नोंदणी आजवर लागत आली आहे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणाऱ्या 2021 च्या कायद्याने ही व्यवस्था बदलते आहे, म्हणून प्रवेश घेताना ताजा नियम तपासा. काही महिन्यांत 'थेरपिस्ट' बनवणाऱ्या प्रमाणपत्रांपासून दूर राहा. त्यांत पालकांचा पैसा जातो आणि पुढे एखाद्या मुलाचे मोलाचे वय. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा वसतिगृह आणि शुल्काबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: बालरुग्णांचा विभाग किती मोठा आहे आणि इंटर्नशिपमध्ये विद्यार्थी शाळांत जातात का?