बरणीतील साखर आणि ताटातील साखर

वैशाख अर्धा उलटला, की सह्याद्रीच्या घाटांतून करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात, पानांच्या द्रोणांत भरलेली ‘डोंगरची काळी मैना’ घेऊन कातकरी व ठाकर बायका एस.टी.च्या थांब्यांवर उभ्या राहतात, आणि त्यानंतर महिन्याभराने, मृगाचा पाऊस स्थिरावण्याच्या सुमारास, माझ्या टपालात एका विशिष्ट प्रकारच्या पत्रांची भर पडू लागते. यंदाचे पहिले पत्र एका भगिनीचे आहे. पतीस मधुमेह असल्यामुळे करवंदांच्या जामात आपण साखर निम्मीच घातली, पण पंधरवडा उलटण्यापूर्वीच बरणीच्या तोंडाशी करड्या-हिरव्या रंगाची लव दिसू लागली. तेव्हा वरचा थर चमच्याने काढून उरलेला जाम पुन्हा एक कढ देऊन वापरण्यास मुभा आहे काय, आणि साखर कमी करण्यात आपली चूक झाली काय, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पावसाळ्यात कपाटातील चपलेवर येणारा बुरा आणि जामावरील ही लव एकाच कुळातील होत. डोळ्यांस दिसतो तो बुरशीचा केवळ पृष्ठभाग. तिचे तंतू खालच्या मऊ भागात न दिसता पसरलेले असतात, आणि काही जातींची बुरशी जी विषद्रव्ये निर्माण करते, ती उकळल्यामुळे नष्ट होतीलच असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. सबब किलोभर साखर व दोन तासांचे श्रम वाया गेल्याचे दुःख कितीही वाटले, तरी ती संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

दुसरा प्रश्न अधिक विचारार्ह आहे, कारण त्यामागील हेतू निर्मळ असून चूक केवळ जागेची झाली आहे. जामात साखर गोडीसाठी घालतात, ही समजूत अर्धीच खरी. नीट आटलेल्या जामात सुमारे दोनतृतीयांश भाग साखर असते. ती फळातील पाण्यास असे बांधून ठेवते, की सूक्ष्म जंतूंना त्या पाण्याचा उपभोग घेता येत नाही, आणि चुकून शिरलेल्या जंतूच्या शरीरातील पाणीही ती ओढून घेते. आपला मुरांबा व साखरआंबा वर्षभर टिकतो तो याच बंदोबस्तामुळे. साखर निम्मी करणे म्हणजे खजिन्यावरील पहारा निम्मा करून कुलूप उघडे ठेवणे होय. शिवाय इतके करूनही तो पदार्थ मधुमेह्यास निर्धोक होत नाही तो नाहीच. म्हणजे बरणीही गेली आणि पथ्यही साधले नाही.

जाम घट्ट बसण्यासही साखरेची आवश्यकता असते. फळांत पेक्टिन नावाचे एक द्रव्य असते. आम्ल आणि साखर यांची योग्य प्रमाणात जोड मिळाली म्हणजे त्याचे जाळे विणले जाते व रस थिजतो. करवंदाचे भाग्य असे, की त्याच्या अर्धवट पिकलेल्या तांबूस फळांत पेक्टिन व आंबटपणा दोन्ही विपुल असतात, म्हणून चार वाटे फळांत तीन वाटे पिकलेली व एक वाटा तांबूस फळे घ्यावीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत मात्र पेक्टिन बेताचेच असते, त्यामुळे तिला लिंबाच्या रसाचा आधार द्यावा लागतो.

कृतीविषयी थोडे लिहितो, कारण आरोग्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ कृतीतच सापडते. देठ काढताना निघणारा पांढरा चीक हातास चिकटतो, यास्तव बोटांना आधी खोबरेल लावावे. फळे धुऊन थोड्या पाण्यात मऊ शिजवावीत आणि चाळणीवर घोटून बिया वेगळ्या कराव्यात. देठ काढण्याचे काम मुलांवर सोपवल्यास मात्र निम्मी फळे ‘कोंबडा की कोंबडी’ या खेळात, म्हणजे दाताने तोडून आत लाल की पांढरे हे पाहण्यातच, खर्ची पडतात, हे ध्यानात ठेवावे. निघालेला गर तोलून त्याच्या वजनाइतकी साखर घ्यावी. परंतु फळ पुरते मऊ झाल्यावाचून ती घालू नये, कारण साखर आधी पडली तर साल निबर होते व पेक्टिन नीट सुटत नाही. समुद्रसपाटीवर जाम सुमारे 105 अंश सेल्सियसला तयार होतो. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच चार-साडेचार अंश आधी उकळत असल्यामुळे तेथे हा आकडा तितकाच खाली येतो. उष्णतामापक जवळ नसल्यास थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवावा; त्यावर सुरकुती पडली, की भांडे उतरवावे.

भांड्याची निवड हा केवळ सोयीचा विषय नव्हे. करवंदाचे आम्ल तीव्र असते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ते तासभर उकळत राहिले तर तांबे रसात उतरते, आणि मळमळ, उलट्या व पोटात मुरडा अशी त्याची परिणती होऊ शकते. लोखंडी कढईत रंग काळवंडतो व चवीस धातूचा वास लागतो. म्हणून जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे पातेलेच वापरावे. काचेच्या लहान बरण्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून कोरड्या कराव्यात, जाम कढत असतानाच त्यांत भरून झाकण लावावे व वर तारीख लिहावी. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि तिला ओला चमचा कधीही लागू देऊ नये. मोठ्या बरणीत शंभरदा चमचा जातो, लहानीत दहादा, एवढा हिशेब पुरे.

आणखी एक सूचना, जी चुलीपाशी मुले घोटाळतात अशा प्रत्येक घरास उद्देशून आहे. उकळता पाक पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि कातडीवर पडला, की तेथेच चिकटून खोलवर भाजतो. अशा वेळी शाई, टूथपेस्ट, तूप वा हळद यांच्यामागे धावू नये. भाजलेला भाग तत्काळ नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बांगडी-अंगठी उतरवावी, फोड फोडू नयेत, आणि जखम तळहाताहून मोठी असल्यास किंवा चेहऱ्यावर, हातांवर अथवा सांध्यावर असल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

आता ताटाकडे वळू. लहान चमचाभर, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम, जामातून साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली केलेली शिफारस अशी, की अशा मोकळ्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांखाली राहिल्यास अधिक उत्तम. सामान्य प्रौढाच्या हिशेबात हा खालचा आकडा सुमारे 25 ग्रॅम होतो. दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा घेणाऱ्याने त्यातील बराच मोठा भाग न्याहारीपूर्वीच संपवलेला असतो. निरोगी मनुष्याने पोळीस एक चमचा जाम लावण्यास माझी हरकत नाही. मात्र त्या दिवशी चहातील एक चमचा कमी करावा. मुलांनी जाम-पोळीनंतर खळखळून चूळ भरावी, कारण हा चिकट गोडवा दातांच्या फटींत रेंगाळतो. दोन वर्षांखालील बालकास तो देऊच नये.

करवंदाचा जाम रक्त वाढवतो, अशी समजूत अनेक घरांत रूढ आहे. चमचाभर जामातून मिळणाऱ्या लोहावर पंडुरोग बरा होत नाही, आणि ताज्या फळातील क जीवनसत्त्वाचा काही अंश तर उकळतानाच नाहीसा होतो. रक्ताची तपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेणे, हाच त्यावरील इलाज होय. जाम हा रुचीचा जिन्नस आहे, औषधाचा नव्हे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझे सांगणे असे. पुढील वर्षी जाम करावयाचा असल्यास बरणीत साखर पुरेपूर घालावी आणि काटकसर ताटात करावी. पतीसाठी वेगळे काही हवे असेल, तर साखरेवाचून शिजवलेला थोडासा गर फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा, त्यास जाम म्हणू नये व महिनाभर टिकण्याची अपेक्षाही धरू नये. करवंदांचा हंगाम आता सरला आहे, परंतु बाजारात जांभळे आली आहेत. त्यांतील मूठभर पतीस ताजीच द्यावीत, आणि जांभळांच्या भरवशावर मधुमेहाची एकही गोळी बंद करू नये.