कोणती बाहुली चांगली?

"पोर लहान आहे, त्याला काय कळतंय!" असे आपण नेहमी म्हणतो. पण काळे-गोरे मुलांना फार लवकर कळते. आम्ही तुम्हाला अमेरिकेतली एक खरी हकिकत सांगतो.

अमेरिकेत काळ्या वर्णाच्या लोकांना पूर्वी गुलाम करून ठेवत. १८६५ साली गुलामगिरी गेली, पण भेद गेला नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी. कायदाच तसा होता.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे नवराबायको त्याच काळ्या समाजातले. माणसाच्या मनाचा अभ्यास करणे हे त्यांचे काम. १९४० च्या सुमारास त्यांनी ३ ते ७ वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या मांडल्या. बाहुल्या सगळ्या सारख्या. फरक फक्त रंगाचा. काही गोऱ्या, काही सावळ्या.

"खेळायला कोणती घेशील?" दर तीन मुलांतल्या दोघांनी गोरी उचलली.

"वाईट कोणती दिसते?" निम्म्याहून जास्त मुलांनी सावळी दाखवली.

"आणि तुझ्यासारखी कोणती?" हे विचारताच काही मुले रडू लागली. काही उठून पळाली.

एवढ्याशा पोरांना हे कोणी शिकवले? कोणी धडा दिला नव्हता. त्यांनी डोळ्यांनी पाहिले. गोऱ्यांची शाळा चांगली, आपली पडकी. बसमध्ये गोरे पुढे, आपण मागे. त्यावरून मुले समजली, की आपला रंगच वाईट.

१७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरकारी शाळांत रंगावरून मुले वेगळी करता येणार नाहीत, असे ठरले. त्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील." "पोरगी काळी, हिचं लग्न कसं जमायचं?" हे आपण मुलीच्या देखतच बोलतो. ती ऐकते आणि मनात ठेवते.

मूल रंगाविषयी विचारील तेव्हा त्याला गप्प करू नये. खरे कारण सांगावे. सगळ्यांच्या कातडीत एक रंग असतो. ज्याच्या कातडीत तो जास्त, तो काळा. ज्याच्यात कमी, तो गोरा. तो रंग कडक उन्हापासून कातडीला जपतो. त्याने अक्कल कमी होत नाही, की गुण कमी होत नाहीत.

आज घरी मूल जवळ घ्या आणि त्याला हे सांगा.